एसी माशांसाठी आहे

या व्यवहारात शालिग्राम चौधरींना मिळणार काय होतं, ते आधी मांडून टाकू. एक, दीड टनाचा नवा कोरा एसी. दोन, बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन ते पाच गाढ झोप, जी त्यांना लग्नानंतर एकदाही सलग मिळालेली नव्हती. आणि तीन, मालूबाईंचं तोंड बंद. या तिसऱ्या गोष्टीला बाजारात मोल नाही. कारण "एवढा एसी घेऊन टाका" असं मालूबाई बारा उन्हाळे म्हणत होत्या, आणि "कूलर काय वाईट आहे?" असं चौधरी बारा उन्हाळे विचारत होते.

बदल्यात द्यायचं काय, तर पाच आठवडे दोन मासे सांभाळायचे.

मासे जावयाचे. जावई अनिकेत इंदूरला नोकरीला. कंपनीनं त्याला पाच आठवडे चेन्नईला धाडलं, लेक तृप्तीही सोबत निघाली, इंदूरचा फ्लॅट सोडून झाला. सामान एका मित्राच्या गोदामात गेलं, पण एक वस्तू गोदामात टाकता येईना. ती म्हणजे दोन फुटी काचेची पेटी, आत खारं पाणी, दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ, आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर गेलं की प्रवाळ मरतात, आणि बुऱ्हाणपूर मे महिन्यात पंचेचाळीसला असतं. म्हणून जावयानं पेटीबरोबर एसीही धाडला.

आता चौधरींच्या घराण्याचा कडक नियम: लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही. त्यांचे वडील लेकीला भेटायला गेले की पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःचा नेत. अशा घरात जावयाचा एसी भिंतीला लागणार म्हणजे राजपुऱ्याच्या सगळ्या गल्लीत चार महिन्यांची चर्चा. चौधरींनी ती पहिल्याच दिवशी संपवली.

"एसी माशांसाठी आहे," ते ओट्यावर उभं राहून म्हणाले. "आम्ही फक्त माशांना सोबत म्हणून बसतो."

"आणि मासे गेले की?" शेजारच्या ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. या बाई गल्लीतल्या भजनी मंडळाच्या प्रमुख. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तोच नेमका विचारायचा, हा त्यांचा हातखंडा.

चौधरींनी त्याचाही विचार केला होता. "पेटीतलं सगळं जिवंत परत केलं, तं एसी माझी मजुरी. मजुरी घेण्यात कसलं पाप? ज्यानं सांभाळलं त्याचा एसी. आणि मेलं काही, तं एसी खोलून पेटीबरोबर परत. शालिग्राम चौधरी फुकटचं घेत नाही."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. अशी वाक्यं माणसानं घरात दार लावून बोलावीत, पण ते असो.

जावयानं जाताना सूचना दिल्या. दिवसातून एकदा एक चिमूट खाणं, त्याच्यावर एक दाणा नाही. जेवढं पाणी उडून जाईल तेवढं फिल्टरचं घालायचं, दुसरं कुठलंच नाही. दिवा आठ तास.

"बाबा, ते सारखे काचेपाशी येतील, भुकेले वाटतील. पण द्यायचं नाही."

"अनिकेतराव," चौधरी हसून म्हणाले, "केळीची वीस हजार खोडं सांभाळतो मी. पान बघून रोग सांगतो. फोपनारला माझ्या शेतावर लोक केळीचं पान घेऊन रांगेत बसतात. हे दोन फूट पाणी मला जड आहे का?"

जावयानं मान हलवली. जावई भला माणूस आहे. त्याचा खर्च भलेपणामुळंच होतो.

पाचव्या दिवशी अधिक महिना लागला.

अधिक महिन्यात केलेलं दान तेहतीस पट फळतं, म्हणून सगळं तेहतीसच्या मापात. मालूबाईंचा नेम पक्का होता. दर अधिक महिन्यात रोज राजघाटावर जायचं आणि तापीतल्या मासोळ्यांना कणकेच्या तेहतीस गोळ्या घालायच्या. पण यंदा अधिक आला तो ऐन ज्येष्ठात. घाटाच्या पायऱ्या सकाळी आठलाच तव्यासारख्या, आणि मालूबाईंचा डावा गुडघा संपावर. त्या गारगार खोलीत पेटीसमोर बसल्या, बराच वेळ माशांकडे बघत राहिल्या, आणि त्यांना शास्त्र सुचलं.

तापी शेवटी जाते कुठं? समुद्राला. तापीत टाकलेलं पोचतं कुठं? समुद्रात. आणि हे पाणी कुठलं? समुद्राचंच. मग मधल्या नदीला कशाला त्रास?

चौधरी सकाळी सहाला फोपनारच्या केळीत जात, बाराला परत येत. मालूबाई नऊला मोहरीएवढ्या तेहतीस गोळ्या वळत आणि एकेक करून थेट समुद्रात टाकत. मासे दहा-बारा खात. उरलेल्या दगडामागे जात. तिथं काय होतं ते मालूबाईंना दिसत नव्हतं, आणि पुण्याचा हिशोब टाकलेल्या गोळीवर होतो, खाल्लेल्या गोळीवर नाही.

तिसऱ्या दिवशी ज्योत्स्नाबाई अनारशाचं पीठ बघायला म्हणून आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं मालूताई, इथं तं काश्मीर आहे!"

"माशांसाठी आहे."

"हाव, मला ठाऊक आहे. पण भजन ऐकलं तं माशांनाही बरंच वाटेल ना?"

दुसऱ्या दिवसापासून भजनी मंडळ टाळांसकट चौधरींच्या खोलीत भरू लागलं. सहा बाया आणि मालूबाई. प्रवाळ म्हणजे जिवंत पोवळं, हे कळल्यावर एकीनं भाच्याच्या मंगळासाठी एक तुकडा मागून बघितला. तो मिळाला नाही. गोळ्या मात्र सगळ्यांनाच घालायच्या होत्या. मालूबाईंनी मालकीण म्हणून नियम घातला, "तेहतीस माझ्या. तुमच्या तीन-तीन. मासे माझे आहेत." म्हणजे रोजच्या एक्कावन्न झाल्या. एकादशीला नियम सैल झाला, तो आकडा मी सांगत नाही. मासे दोन, आणि दोघांचं मिळून वजन एका अनारशाएवढंही नाही.

यातलं चौधरींना काही माहीत नव्हतं. पण मालूबाईंनाही सगळं माहीत नव्हतं. कारण चौधरींना फिल्टरचं पाणी पटत नसे. "मेलेलं पाणी," ते मनात म्हणत. "ना चव, ना सत्त्व. याच्यावर काय जगणार?" त्यांच्या फोपनारच्या विहिरीचं पाणी पिऊन केळीचा घड तीस किलोला जातो. म्हणून ते रोज तिथून एक डबा भरून आणत आणि मालूबाई स्वयंपाकघरात गेल्या की हळूच पेटीत ओतत. त्यांच्या मते ही जावयाला दिलेली भेट होती.

दहाव्या दिवशी दगडांवर तपकिरी धूळ आली. मग हिरवी साय. तेराव्या दिवशी त्या सायीला केस फुटले, बोटभर लांब, मऊ, पाण्याबरोबर डुलणारे. चौधरींचा ऊर भरून आला. केळीवाल्याला हिरवं दिसलं की तो डोकं बाजूला ठेवतो.

"मूळ धरलं!" ते म्हणाले, आणि फोटो काढून जावयाला पाठवला. खाली लिहिलं, 'आमच्या पाण्याचा गुण.'

दोन मिनिटांत फोन आला.

"बाबा, ते शेवाळ आहे."

"पण हिरवंगार आहे ना?"

"हिरवंच असतं ते. प्रवाळांच्या अंगावर चढून राहिलंय, बाबा. त्यांना उजेड मिळत नाही, गुदमरतात. असंच वाढलं तर मी येईपर्यंत..." भला माणूस वाक्य पुरं करीना. तृप्तीनं फोन घेतला.

"बाबा, जास्तीचं काही घालता का तुम्ही?"

"एक चिमूट. तुझ्या आईची शपथ."

शेजारी बसलेल्या मालूबाईंना एकदम ठसका लागला. "उठसूट माझी शपथ काय घालता हो?"

जावई धोंड्याच्या जेवणाला येणार, तेव्हाच पेटी घेऊन जाणार, असं ठरलेलं होतं. वीस दिवस उरले होते. चौधरींनी एकदा शेवाळाकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या एसीकडे. मग दगाला बोलावलं.

दगा म्हणजे चौधरींच्या केळीबागेत बावीस वर्षं राबणारा जुना माणूस. बोलतो कमी, त्यामुळं त्याला माहीत किती आहे याचा अंदाज कुणाला नाही.

"दगा, तण आहे. निंदून काढ."

दगानं बाह्या सरसावल्या, जुना टूथब्रश घेतला आणि दोन फूट समुद्राची निंदणी केली. वाटीभर शेवाळ निघालं. तीन दिवसांत तेवढंच परत आलं. दगानं परत निंदलं. दोन दिवसांत परत आलं.

मग चौधरींनी जावयाला न विचारल्यासारखं विचारलं, "समजा एखाद्याच्या पेटीत असं झालं, तं लोक काय करतात?" जावई म्हणाला, लोक तीन दिवस अंधार करतात. चौधरींनी केळीच्या घडावर घालतात त्या स्कर्टिंगच्या पिशव्या आणल्या, चार-चार पदर करून पेटीला घातल्या आणि दिवा बंद केला.

नऊला मंडळ आलं. "अगं बाई, पडदा?"

"देव झोपलेत असं समजा," मालूबाई म्हणाल्या, आणि पिशवी जराशी उचलून आत हात घातला. अंधारात माशांना गोळ्या दिसल्या नाहीत. शेवाळाला दिसण्याची गरज नव्हती. तीन दिवसांनी पडदा काढला तर ते जरा फिकट झालेलं होतं, पण चौथ्या दिवशी परत तरतरीत.

तिसरा उपाय गोगलगाईंचा. समुद्री गोगलगाई शेवाळ खातात, असं कळल्यावर चौधरींनी इंदूरच्या दुकानातून आठ नग मागवले. बसच्या पार्सलनं आले.

"गोगलगाई? पैसे देऊन?" मालूबाई म्हणाल्या. "फोपनारला तं पैसे देऊन मारता!"

ही गोष्ट खरी होती. आणि ती दगालाही ठाऊक होती. त्याला ठाऊक नव्हतं ते इतकंच, की या गोगलगाई मालकाच्या आहेत. सकाळी निंदणीला आला तर काचेवर लिंबाएवढी गोगलगाय. केळीच्या नव्या पानाची चाळण करणारी वैरीण मालकाच्या काचेवर! दगानं ती उचलली, ताटलीत ठेवली, स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून टाकलं आणि वाट बघितली.

गोगलगाईनं शिंगं बाहेर काढली आणि चालू लागली.

दगानं मूठभर मीठ टाकलं. गोगलगाय त्या मिठावरून ताटलीच्या काठाला आली, जणू माहेरी आली.

"बापू!" दगा बावीस वर्षांत पहिल्यांदा ओरडला. "बापू, हिला मीठ चढत नाही!"

चौधरी आंघोळीचा पंचा गुंडाळून धावत आले. त्या दिवशी विहिरीवरची मोटर बंद होती म्हणून ते शेतात गेलेले नव्हते, आणि त्यामुळंच पुढचं सगळं घडलं. "अरे, समुद्रातली आहे ती! मिठातच जन्मली! अजून सात आहेत, एकीला हात लावशील तं खबरदार!"

"मग सात कुठं गेल्या? मी काही केलं नाही, बापू," दगा घाबरून म्हणाला, आणि खात्री करायला त्यानं दगडामागं हात घातला. गोगलगाई होत्या तिथंच. पण हात बाहेर आला तो मूठभर करड्या, बुळबुळीत लगद्यासकट. दगानं वास घेतला, बोटांनी चोळून बघितला.

"बापू, हे कणीक आहे."

"काय?"

"कणीक. आपण निंदतो, पण याला तं खत चालू आहे. खत बंद केल्याशिवाय तण कसं जाईल?"

नेमके तेव्हाच नऊ वाजले, आणि टाळ वाजवत सहा बाया आत आल्या. पंचातले चौधरी, ताटलीतली गोगलगाय आणि दगाच्या हातातला लगदा बघून टाळ थांबले. मालूबाई स्वयंपाकघरातून आल्या. चौधरींनी बघितलं, सातही बायांच्या उजव्या मुठी बंद.

"मुठी उघडा," चौधरी म्हणाले.

"बायकांना असं बोलतात का?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. मूठ उघडली नाही.

"मालू, मूठ उघड."

मालूबाईंनी उघडली. तेहतीस होत्या, मोजून. मग बाकीच्याही उघडल्या. ज्योत्स्नाबाईंच्या मुठीत तीनच्या जागी अकरा निघाल्या, आणि ते बघून मालूबाई क्षणभर आपला गुन्हा विसरल्या. "ज्योत्स्ना! तीन ठरल्या होत्या ना?"

"रोज एवढ्या गोळ्या?" चौधरी ओरडले. "दोन माशांना? माझा एसी जाऊन राहिला, आणि तुम्ही त्याच एसीत बसून..."

"तुमचा कुठला? माशांचा आहे ना?" मालूबाई म्हणाल्या. आणि बाई कोपऱ्यात सापडली की आधी हिशोब काढते. "आणि तुम्ही? रोज बाराला डब्यातून काय ओतता? मला दिसत नाही वाटतं? फिल्टरचं पाणी स्टीलच्या डब्यात येतं का?"

चौधरी पंचा सावरू लागले.

जावयानं पाणी तपासायची एक छोटी पेटी ठेवलेली होती. थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा तो चांगला, लाल तो वाईट. मालूबाईंनी स्वतः विहिरीचा डबा आणून दगापुढं ठेवला. दगानं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाणी आधी केशरी झालं, मग लाल, मग बिटाच्या रसासारखं.

"ठिबकचं खत विहिरीत उतरतं, बापू," दगा खाली बघत म्हणाला. "तुम्हीच तं म्हणता, आपल्या विहिरीचं पाणी म्हणजे अर्धं खत."

म्हणजे एक जण वरून खत घालत होती, दुसरा पाण्यातून सोडत होता, आणि बिचारा दगा मधे बसून निंदत होता. जन्मभर पान बघून रोग सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली दोन पानं दिसली नव्हती.

पाणी बदलायचं ठरलं. फिल्टरच्या पाण्याचे जार आणायचे, जावयाचं मीठ मापून घालायचं, दिवा कमी, खाणं एक चिमूट. गोगलगाईंना अभय. एकच अडचण उरली.

"नेम अर्धवट सोडता येणार नाही," मालूबाई म्हणाल्या.

"अर्धवट सोडलं तं पापही तेहतीस पट," ज्योत्स्नाबाईंनी जोडलं.

"मग जा राजघाटावर!"

"गुडघा."

चौधरींनी एसीकडे बघितलं. मग खिडकीतून बाहेर उभ्या पिकअपकडे बघितलं, जिच्यात केळी जायची. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलेलं नाही, पण दगा म्हणतो की गारपिटीच्या वर्षीसुद्धा असं तोंड झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला पिकअप गल्लीतून निघू लागली. मागं केळीची पानं अंथरलेली, त्यावर सात बाया, टाळ, आणि गोळ्यांचा डबा. पुढं चौधरी. घाटावर मालूबाईंचा एक हात धरून त्यांना पायऱ्या उतरवायच्या, तेहतीस गोळ्या होईपर्यंत उभं राहायचं, परत चढवायच्या. पहिल्याच दिवशी जैनाबादहून आलेला एक ओळखीचा केळीवाला भेटला.

"काय बापू, गाडी भजनाला लावली? केळीपेक्षा परवडतं का?"

"तू आपलं स्नान कर," चौधरी म्हणाले.

येताना जार घेऊन यायचे. दगा पाणी काढे, पाणी भरे, दगडामागची कणीक नळीनं ओढून घेई, उरलेलं शेवाळ चिमटीनं उपटे. गोगलगाई बाकीचं खात. मासे पहिले चार दिवस नऊ वाजता काचेला नाक लावून उभे राहत. मालूबाई पदर डोळ्याला लावून खोलीबाहेर जात. पण हात आवरला, हे त्यांच्या जमेला धरलं पाहिजे.

धोंड्याच्या दिवशी जावई-लेक आले. अनिकेतनं चप्पल काढली ती थेट पेटीसमोर. दगड जवळजवळ स्वच्छ होते. एका कोपऱ्यात चिमूटभर हिरवं उरलं होतं. एका प्रवाळाची कड पांढरी पडलेली होती, पण बाकीचे फुललेले. आणि मासे? मासे लाडवासारखे गोल. मालूबाई पुरणाचं ताट घेऊन आल्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या, आणि दोघंही धावत पाण्याच्या वर आले.

"बाबा," अनिकेत म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं नव्हतं वाचेल. कसं केलं?"

चौधरी पुढं सरसावले. "अनिकेतराव, पान बघून रोग..."

"थांबा," मालूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात आता तेहतीस अनारशांचं तबक होतं, मधे दिवा. "धोंड्याच्या वाणासमोर मला खोटं ऐकवत नाही. बिघडवलं आम्ही दोघांनी. निस्तरलं दगानं."

दगा दाराशी उभा होता. तो दाराच्याही जरा मागं सरकला.

मालूबाईंनी जरा चांगुलपणा दाखवला होता, एवढंच. त्याचा दर त्यांनी विचारला नव्हता. चौधरींनी दाराकडे बघितलं. गल्लीतल्या बाया दीपदान बघायला आलेल्या, त्या सगळ्यांनी ओट्यावरचं ते वाक्य ऐकलेलं होतं.

"मी म्हणालो होतो," चौधरी शेवटी म्हणाले, "ज्यानं सांभाळलं त्याचा एसी. एसी दगाचा."

तबकातला दिवा हलला. "अहो!" मालूबाई म्हणाल्या.

"बापू, नियम माणसांसाठी असतात हो," ज्योत्स्नाबाई कळवळून म्हणाल्या.

"शालिग्राम चौधरी फुकटचं घेत नाही," चौधरी म्हणाले. "दगा, खोलून घेऊन जा."

दगानं डोकं खाजवलं. "बापू, माझं घर पत्र्याचं. गिरणी सुरू झाली की आमच्याकडं बल्ब बारीक होतो. हा लावला तं आळीची लाइट जाईल." मग त्यानं कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या कूलरकडे बघितलं, ज्याची बाजू चौधरींनी बारा उन्हाळे घेतली होती. "मला हा द्या. वाईट काय आहे?"

"हाव, काहीच वाईट नाही," मालूबाई चटकन म्हणाल्या. "आणि एसी?"

"एसी माझाच," दगा म्हणाला. "राहू द्या इथं. मी येत जाईन."

आता शेवटचा ताळा. अनिकेतनं एसी दिला, त्याला एका प्रवाळाची कड कमी मिळाली आणि तेहतीस अनारसे जास्त. माशांनी एक्कावन्न गोळ्यांची चंगळ एका चिमटीवर उतरवून चुकती केली. मंडळाच्या बायांची पहाटेची झोप गेली, पण खोलीत परत जागा मिळाली, कारण दगा भजनाला नाही म्हणत नाही. दगाला कूलर मिळाला, आणि एसीही. तो रोज दुपारी दोनला फोपनारहून येतो, पाय धुतो, आपल्या एसीखाली चटई टाकतो आणि मालूबाईंना सांगतो, "वहिनी, सव्वीसवर राहू द्या." त्या त्याला चहा देतात. पाचपर्यंत तो घोरतो, त्यामुळं चौधरींना झोप लागत नाही. ते त्याच्या शेजारी टक्क जागे असतात, आणि कुणी विचारलंच तर सांगतात की एसी दगाचा आहे, आम्ही फक्त सोबत म्हणून बसतो.

लाइटचं बिल मात्र शालिग्राम चौधरींच्या नावानं येतं. मीटर काही दगाचं नाही.